अंडे आणि विंचू



तीन वर्षांतून एकदा, सामान्यकाळाच्या सतराव्या रविवारी, संत लूकच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आपण मिस्सात ऐकतो. प्रभू येशू शिष्यांना प्रार्थना करायला शिकवतो आणि मग बापांविषयी बोलतो. पोराने मासा मागितला म्हणून साप देणारा, अंडे मागितले म्हणून विंचू देणारा बाप तुमच्यात नाही, असे तो सांगतो. संत मत्तयकडेही ही शिकवण आहे, पण तिथे भाकर आणि मासा आहे. अंडे फक्त लूककडे. काही भाष्यकार म्हणतात की अंग आखडून बसलेला फिकट विंचू दुरून अंड्यासारखा दिसतो, म्हणून ही जोडी. लूक पेशाने वैद्य होता हे आपल्याला संत पौलामुळे ठाऊक आहे. त्याचा या अंड्याशी काही संबंध असेल असे मी म्हणणार नाही, पण मला तो जोडावासा वाटतो खरा.

२०२२ साली हा रविवार २४ जुलैला आला. त्याच्या तीन महिने आधी मी माझ्या मुलीच्या तोंडात अंडे दिले होते आणि तो विंचू निघाला होता. त्यामुळे त्या दिवशी फादरांचे प्रवचन माझ्या कानांवर पडत होते, पण मन पहिल्याच वाक्यापाशी अडकले होते.

मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. ईस्टरनंतरचा रविवार. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो. खानवेलकडून कामाला येणाऱ्या एका मित्राने गावठी अंडी आणून दिली होती. पिवळा बलक तिला याआधी दोनदा देऊन झाला होता, तिला काही झाले नव्हते. त्या दिवशी उकडलेल्या पांढऱ्याचा नखाएवढा तुकडा मी वरणभातात कुस्करून भरवला. तिने पुन्हा तोंड उघडले, म्हणून आणखी एक घास दिला.

दहा मिनिटे झाली असतील. ओठांभोवती लाल गांधी उठल्या. मग कानाच्या पाळ्या तापल्या, डोळे सुजले. ती खोकू लागली, उलटी झाली, पुन्हा झाली, आणि मग ती एकदम गप्प झाली. मूल रडत असते तोवर आईबापाला धीर असतो. ती मान टाकून माझ्या खांद्यावर पडली तेव्हा माझे हातपाय गळाले.

जवळच्या दवाखान्यात उन्हाळ्याचे पित्त उठले असेल असे सांगून आम्हाला थेंबांचे औषध दिले आणि घरी जायला सांगितले. आम्ही पायरी उतरलो, तर पत्नी म्हणाली, "हिचा श्वास ऐका." छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. तिथूनच रिक्षा केली आणि मोठ्या रुग्णालयात गेलो. ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "काय खाल्लं?" उत्तर पुरे होण्याआधी त्यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिले होते. ॲड्रिनलिन. पाचएक मिनिटांत ओठांचा रंग परत आला. नंतर ती मोठ्याने रडली, आणि तिची आई भिंतीला टेकून खाली बसली.

रात्रभर आम्हाला ठेवून घेतले. अशी लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकतात, म्हणून. मॅडमनी आजाराचे नाव कागदावर लिहून दिले: ॲनाफिलॅक्सिस.

हे नाव ज्यांनी दिले त्यांची गोष्ट मी नंतर वाचली. १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रफुलाच्या विषापासून कुत्र्यांचे रक्षण करता येते का ते पाहत होते. थोडे विष आधी दिले तर शरीर सरावेल, असा त्यांचा अंदाज. झाले उलटे. काही आठवड्यांनी त्याच कुत्र्याला अगदी किंचित विष दिले तर तो मिनिटांत मेला. शरीर सरावले नव्हते, शत्रू ओळखून बसले होते. रक्षणाच्या उलट काहीतरी, अशा अर्थाचा ग्रीक शब्द त्यांनी घडवला. या कामासाठी रिशेंना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मधला, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा. हे पिर्के वैद्यकीकडे वळण्यापूर्वी इन्सब्रुकला ईशज्ञान शिकत होते. पुढे वाट बदलली. देवाने कोणाला कुठल्या वेदीपाशी उभे करायचे ठरवलेले असते, सांगता येत नाही.

अंड्याच्या पांढऱ्यातली काही प्रथिने शरीराला शत्रू वाटतात, एवढे आम्हाला समजले. त्यातले एक उष्णतेलाही सहज दाद देत नाही, म्हणून उकडून भागत नाही. वापीहून फ्लाइंग राणी पकडून आम्ही मुंबईला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. हातावर थेंब ठेवून टोचून पाहण्याची तपासणी झाली, रक्त तपासले. अंड्याच्या जागी रुपयाएवढी गांधी उठली. बाकी दूध, गहू, शेंगदाणा सगळे ठीक. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली: गोवर-रुबेलाची लस घ्यायची, अंड्याची ॲलर्जी असली तरी ती सुरक्षित आहे. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मला दोन घरे अशी भेटली की ज्यांनी या भीतीने लस टाळली होती.

आता मला सांगायचे आहे ते घरी आल्यानंतरचे.

घरी आल्यावर आम्ही तिला भरवायला घाबरू लागलो. अंडे बंद केले होते, पण भीती अंड्यापुरती राहत नाही. रव्याची खीर दिली की दहा मिनिटे घड्याळाकडे पाहायचे. नवीन भाजी नको. केळे तेवढे चालेल, कारण ते काल चालले होते. पत्नी घास हातात घेऊन थांबायची. मुलगी तोंड उघडून बसलेली, आणि आईचा हात वाटीतच. दोन महिन्यांत तिचे वजन वाढले नाही.

अशा वेळी मला याईरच्या मुलीची गोष्ट आठवली. बारा वर्षांची मुलगी मेली होती, येशूने तिला हात धरून उठवले. संत मार्कने ही कथा पाचव्या अध्यायात सांगितली आहे, आणि शेवटी एक लहानशी गोष्ट नोंदवली आहे. सगळे थक्क होऊन उभे असताना येशू घरच्यांना सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. आजवर मी ते वाक्य चमत्कारानंतरची आवराआवर म्हणून ऐकत आलो होतो. आता वाटते, त्या आईबापाला त्याची गरज होती. जी मुलगी काही क्षणांपूर्वी गेली होती तिच्या तोंडात घास द्यायला त्यांचा हात कसा उचलला असेल? प्रभूने त्यांना ते काम नेमून दिले. पोर उपाशी आहे, भरवा.

त्या संध्याकाळी मी हे पत्नीला सांगितले. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने नाचणीची पेज केली आणि घड्याळाकडे पाठ करून भरवली.

लोक बोलायला लागतात ते साधारण याच सुमाराला. गरोदरपणी काय खाल्लेस? अंडी जास्त खाल्लीस का? की अजिबात खाल्ली नाहीस? अंगावरचे दूध कधी तोडलेस? प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या बाया मायेच्याच होत्या, आणि प्रत्येक प्रश्न आईलाच होता. बापाला कोणी काही विचारत नव्हते, भरवणारा हात माझा असूनही. योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यही हेच विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. माझ्या पत्नीला नवव्या अध्यायातल्या त्या एका उत्तराने जेवढा आधार दिला तेवढा डॉक्टरांच्या समजावण्यानेही दिला नसेल, जरी डॉक्टरही तेच सांगत होते.

वैद्यकशास्त्राचे याबाबतचे मतही अलीकडेच बदलले आहे. अंडे, शेंगदाणा असे पदार्थ बाळाला जितके उशिरा द्याल तितके बरे, असे पूर्वी सांगत. मग २००८ मध्ये लंडन आणि इस्राएल इथल्या ज्यू मुलांची तुलना झाली. इस्राएलमध्ये बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खातात; तिथे शेंगदाण्याची ॲलर्जी लंडनच्या मानाने सुमारे दहापट कमी निघाली. पुढे २०१५ मध्ये लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या अभ्यासाने तेच पक्के केले. तेव्हा हा लेख वाचून कोणी आपल्या बाळाचे अंडे बंद करू नये. ज्या बाळाच्या अंगावर आधीपासून खूप इसब आहे त्याच्या आईने डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी, एवढेच.

दुसरा एक प्रसंग लिहावा की नाही यावर मी बराच विचार केला. एका प्रार्थनासभेत एका बंधूंनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मनापासून प्रार्थना केली. डोळ्यांत पाणी होते त्यांच्या. प्रार्थना संपल्यावर ते म्हणाले, "आता घरी जाऊन अंडं द्या. विश्वासाने द्या. ती बरी झालीय." मार्कच्या शेवटच्या अध्यायातले, विश्वास ठेवणाऱ्यांना विषही बाधणार नाही हे अभिवचन त्यांनी मला आठवून दिले.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि नाही म्हणालो. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूला उडी मारायला सांगितली तेव्हा त्यानेही पवित्र शास्त्रातलेच वचन काढले होते, देवदूत झेलतील असे. येशूने उडी मारली नाही. पित्यावर त्याचा विश्वास नव्हता म्हणून नव्हे. मारली असती तर तो पित्याला तपासून पाहणे झाले असते. माझ्या मुलीच्या जिवाने मी देवाची परीक्षा घेणार नाही. ती बरी झाली असेल तर ते रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, टोचायची सुई तयार ठेवूनही कळेल. देव तिथेही असतो. ते बंधू थोडे दुखावले. आजही ते तिच्यासाठी रोज प्रार्थना करतात, आणि मला ती हवी आहे.

सेलवासात राहणाऱ्यांना ठाऊक आहे, हे गाव कोणा एकाचे नाही. पोर्तुगीज १९५४ मध्ये गेले. त्यानंतर कारखाने आले, आणि कारखान्यांमागून माणसे. आमच्या जिन्यात गुजराती आहेत, मारवाडी आहेत, बिहारचे आहेत, ओडिशाचे आहेत; दमणगंगेपलीकडून वारली बाया भाजी घेऊन येतात. मी वसईकडचा. लग्नानंतर इथे घर शोधताना एका इमारतीत आम्हाला सरळ सांगितले होते की अंडी-मटण खाणाऱ्यांना जागा नाही. नाव ऐकले आणि दार लोटले. तो राग माझ्या मनात बरीच वर्षे होता. पुढे दुसरीकडे घर मिळाले, तरी शेजारच्या बेनच्या दारावरची लिंबू-मिरची आणि त्यांचे सोवळे स्वयंपाकघर पाहिले की मला तो लोटलेला दरवाजा दिसायचा. आमच्या घरचा नाताळचा केक त्या हसून घ्यायच्या आणि खायच्या नाहीत, हेही मला माहीत होते.

मुलगी रुग्णालयातून आली त्या आठवड्यात बेन दारात आल्या. काय झाले ते त्यांना जिन्यातून कळले होते. त्या म्हणाल्या, "अमारे त्यां ईंडुं आवतुं ज नथी. एने अमारे त्यां मोकलजो." आमच्याकडे अंडे येतच नाही, तिला आमच्याकडे पाठवत जा.

मी विचार केला, तर खरेच होते ते. आमच्या नात्यातल्या एकाही घरात तिला निर्धास्त सोडता येत नव्हते. वसईला माझ्या आईच्या घरी फुग्यांच्या पिठात अंडे, मार्झिपानमध्ये अंड्याचे पांढरे, आणि आमलेटचा तवा तोच पोळीचा. पावाला चकाकी यावी म्हणून बेकरीवाला वरून अंड्याचा हात फिरवतो, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळले. आणि ज्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी कधी पाय ठेवला नव्हता, तिथे माझी मुलगी ढोकळा, थेपला, खांडवी, हांडवो काही न विचारता खाऊ शकत होती. तिचे पहिले शिकलेले शब्द आई, पप्पा आणि 'खमण' हे आहेत.

घर नाकारण्याचा तो नियम मला आजही पटत नाही, आणि मुलगी वाचते म्हणून तो बरा ठरत नाही. पण एखादी गोष्ट आयुष्यभर वर्ज्य ठेवणाऱ्या माणसाच्या घरात केवढी शांतता असते, हे मला बेनच्या ओट्यापाशी समजले. आपणही उपवासकाळात चाळीस दिवस काही सोडतो. त्या सोडण्याचा आडोसा दुसऱ्या कोणाच्या लेकराला होऊ शकतो, असे माझ्या कधी मनात आले नव्हते.

दुकानातल्या वस्तूंचेही तसेच. आपल्या देशात अंडे मांसाहारात मोजतात, म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका आम्हाला दुरून दिसतो. तपकिरी त्रिकोण दिसला की हात मागे. हे इथे परदेशापेक्षा सोपे आहे. पण हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे, ॲलर्जीची हमी नाही. एकाच भट्टीत दोन्ही केक भाजले जातात. म्हणून मागची बारीक अक्षरे वाचायची. २०२० च्या अन्न लेबल नियमांप्रमाणे ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन हे असतील तर पाकिटावर सांगावे लागते, सल्फाइटही ठरावीक प्रमाणापुढे सांगावे लागते. गाडीवरच्या वस्तूला पाकीट नसते. आमलेटच्या गाडीवर भाजलेला मसाला पाव तिच्यासाठी अंडेच.

आमच्या पिशवीत एक डबी कायम असते. परदेशात पेनसारखे आपोआप टोचणारे इंजेक्शन मिळते, आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहसा मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी आम्हाला कुपी फोडून सिरिंजमध्ये औषध भरायला शिकवले. मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच लिहून दिलेली असते. वजन वाढले की कागद बदलतो. आम्ही दोघांनी संत्र्यावर सराव केला. सूज किंवा गांधीसोबत श्वास अडला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडले तर आधी हे इंजेक्शन, मग १०८ ला फोन. मुलाला आडवे ठेवायचे, चालवायचे नाही. अंगावरच्या पित्ताचे औषध याच्या जागी चालत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या दोन शिक्षिका आणि बेन हे सगळे शिकून आमच्या यादीत आल्या आहेत.

चर्चमध्ये माझी पहिली शंका होस्टविषयी होती. फादर हसले नाहीत. पवित्र भाकर फक्त गहू आणि पाण्याची असते, त्यात दुसरे काही घालताच येत नाही, असे त्यांनी सांगितले. आमच्या मुलीला म्हणूनच अडचण नाही. मग गव्हाचा त्रास असणाऱ्यांचे काय, असे मी विचारले. त्यावर त्यांनी दाखवले की रोमने याचा विचार केला आहे: २००३ च्या पत्रात आणि पुन्हा २०१७ च्या परिपत्रकात. ग्लुटेन अगदी कमी असलेला गव्हाचा होस्ट चालतो, मुळीच ग्लुटेन नसलेला चालत नाही. आणि ज्याला तेवढेही सोसत नाही तो फक्त पवित्र रक्त घेऊ शकतो, त्यातही संपूर्ण ख्रिस्त आहे. तुमच्या धर्मग्रामात असे कोणी असेल आणि संकोचाने मागे बसत असेल, तर फादरांशी बोलायला सांगा.

खरी पंचाईत अंगणात झाली. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर आमच्याकडे सर्वांना केक आणि कॉफी असते. महिला मंडळातल्या एक मावशी तो केक करतात, त्यांच्या आजीच्या कृतीने. कृतीत अंडी डझनाने मोजतात. मुलगी दीड वर्षाची होती, चालायला लागलेली, आणि लहान मुलाला पाहिले की हातातला तुकडा भरवणे हा आपल्या लोकांचा स्वभाव. एवढ्याशाने काय होते, असे म्हणत प्रेमाने भरवलेला तोच तुकडा आमची भीती होती. मी मंडळाच्या बैठकीत इतकेच म्हणालो की आम्ही तिचा खाऊ वेगळ्या डब्यात आणू आणि मिस्सा संपताच निघू.

मावशींनी विचारले, "निघणार म्हणजे?"

कोणी म्हणाले, एका मुलासाठी सगळ्यांचा केक कशाला बदलायचा. ते चूक नव्हते, चारशे माणसांचा प्रश्न होता. कोणी म्हणाले, परंपरा. फादरांनी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय उघडला आणि वाचून दाखवला. तिथे भांडण खाण्यावरूनच आहे. कोणी सगळे खातो, कोणी फक्त भाजीपाला, आणि पौल खाणाऱ्याला सांगतो की तुझ्या अन्नापायी तुझा भाऊ बुडू नये. अर्थात पौलाला काळजी होती सद्सद्विवेकाची. आमच्याकडे प्रश्न श्वासनलिकेचा होता. ते फादरांनीही सांगितले. बैठकीत निर्णय झाला नाही.

आठवड्याने मावशी आमच्या घरी आल्या, माझ्याशी न बोलता सरळ शेजारी गेल्या आणि बेनना विचारले की तुम्ही अंड्याशिवाय केक कसा करता. दही, सोडा, थोडे दूध जास्त, तेल. मावशींनी सगळे कागदावर लिहून घेतले, मध्येच दोनदा "अरे देवा" म्हणाल्या. जुन्या साच्यांना अंड्याचा वास आहे म्हणून नवे साचे आणले. त्या वर्षी अंगणात एकच केक होता, सगळ्यांसाठी तोच. बेनही आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, आणि त्यांनी आमच्या नाताळचा केक पहिल्यांदा खाल्ला. खरे सांगायचे तर तो जरा कोरडा झाला होता. मुलीने दोन तुकडे खाल्ले, एक जमिनीवर पडलेला.

आता ती पाच वर्षांची होत आली आहे. बहुतेक मुलांची अंड्याची ॲलर्जी वाढत्या वयात जाते, आणि तिच्या रक्ततपासणीतले आकडे उतरले आहेत. ईस्टरनंतर मुंबईत रुग्णालयात दिवसभर ठेवून तपासणी करायची आहे: आधी नीट भाजलेल्या केकमधले अंडे, मोहरीएवढ्या तुकड्यापासून सुरुवात, दर वेळी थांबून, सगळी औषधे हाताशी ठेवून. त्या दिवशी आमच्यासाठी प्रार्थना करा.

केक घरून आणायला सांगितले आहे. अंडी किती, मैदा किती, किती वेळ भाजायचा, हे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, कारण प्रत्येक तुकड्यात अंडे किती ते त्यांना मोजायचे आहे. तो कागद मी मावशींकडे नेला. त्यांनी चष्मा लावून वाचला, फक्त दोनच अंडी आहेत हे पुन्हा पुन्हा पाहिले, आणि म्हणाल्या, "एवढ्यात काय केक होतो? पण करते." मग फळीवरून चार वर्षांपूर्वीचे जुने साचे काढून राखेने घासायला घेतले.